कर्कश भक्ति

शिकागो शहरांत एकत्र कुटुंबासारखा नांदणाऱ्या 'जीझस पीपल' या ख्रिस्ती समुदायांतील 'रेझरेक्शन बँड'नें १९७९ सालीं 'रेनबोज एंड' ही ध्वनिमुद्रिका काढली. ग्लेन व वेंडी कायझर हें दांपत्य त्या वृंदाचें मुख्य गायक. विद्युत्-गिटारीचें असलें खरखरीत रॉक संगीत देवाच्या नांवाला शोभतें काय, असें तिकडील अनेक धर्मनिष्ठ विचारीत. याच ध्वनिमुद्रिकेंतील 'आफ्रिकान्स' हें गीत मात्र दक्षिण आफ्रिकेंतील वर्णभेदावर उघड प्रहार करी. तेथील डच रिफॉर्म्ड चर्चनें तर १९७४ सालीं त्या वर्णभेदाला बायबलचा आधार दिला होता! मग कर्कश कोणाला म्हणावें? तो आधार चुकीचा होता, हें त्या चर्चनें १९८६ सालीं मान्य केलें; वर्णभेदी राजवट १९९४ च्या निवडणुकीनें संपली.