नॅचेझची वसंतयात्रा

अमेरिकेच्या दक्षिण भागात, मिसिसिपी नदीच्या उंच काठावर नॅचेझ नावाचे लहानसे शहर आहे. दर वसंतात तेथे जी यात्रा भरते, तिच्यात देव नाही की दिंडी नाही. लोक तिकीट काढून जुन्या मळेवाल्यांचे वाडे व बागा पाहावयास जातात; तरी तिचे नाव मात्र यात्राच! तिच्या आरंभाची हकीकत मोठी गमतीची आहे. १९३१ साली मिसिसिपी राज्यातील उद्यानमंडळांची परिषद तेथे भरली आणि नेमकी हिमकडाक्याने फुले करपली. यजमानिणींनी मग घरांचेच दरवाजे उघडले. पाहुणे इतके खूष झाले, की १९३२ पासून यात्रा सुरू झाली. मंदीच्या त्या दिवसांत जुन्या घरांच्या डागडुजीला हा पैसा कामी आला, हे मान्य केलेच पाहिजे.

पण घेरदार झगे घातलेल्या स्त्रिया झुंबरे व पडदे दाखवीत, तेव्हा ज्यांच्या श्रमांवर हे वैभव उभे राहिले त्यांचा उल्लेख झालाच तर ‘नोकर’ म्हणून होई. नोकर कसले? ते विकत घेतलेले गुलाम होते.

आम्हांला या वाड्यांत सर्वांत बोलका वाटतो तो अपुरा राहिलेला ‘लाँगवुड’. हॅलर नट या कापूसवाल्याने १८६० साली हा अष्टकोनी, बत्तीस खोल्यांचा प्रासाद आरंभिला. १८६१ साली यादवी युद्ध पेटले आणि उत्तरेकडचे कारागीर काम टाकून निघून गेले. तळघरातील नऊ खोल्या तेवढ्या पुऱ्या झाल्या. नट १८६४ साली वारला. वरचे मजले अजून उघड्या विटांचे आहेत. याच युद्धाने अमेरिकेचा कापूस अडला, म्हणून आपल्या मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला आणि १८६५ साली युद्ध संपताच तेथल्या पेढ्या धडाधड बसल्या. लाँगवुडच्या उघड्या भिंतींशी आपला संबंध आहे तो असा.

वाड्यांपासून थोड्याच अंतरावर ‘फोर्क्स ऑफ द रोड’ हा तिठा लागतो. येथे माणसांचा बाजार होता. व्हर्जिनिया, मेरीलँडकडून आणलेली माणसे येथे मळेवाल्यांना विकली जात. दक्षिणेतील मोठ्या गुलामबाजारांत त्याची गणना होई. १८६३ साली उत्तरेच्या फौजांनी शहर घेतले आणि तो बंद पडला. लष्करात भरती झालेल्या काळ्या सैनिकांनीच ते कोंडवाडे मोडले व त्यांचे लाकूड बराकींना वापरले. २०२१ साली ही जागा तेथील राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानात सामील झाली. तेथे झुंबरे नाहीत. जमिनीत काँक्रीटमध्ये बसविलेल्या बेड्या आहेत.