भोग, आगम आणि मुदत

अकराव्या व बाराव्या शतकांच्या संधिकाळी, कल्याणीस चालुक्य विक्रमादित्याच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने मिताक्षरा रचली, त्या काळीही परक्याच्या जमिनीचा दीर्घ भोग हा धर्मशास्त्रातला जुनाच वाद होता. धन्याच्या डोळ्यांदेखत आणि तो तोंडातून शब्द काढीत नसता परक्याने २० वर्षे भोगलेल्या भूमीची हानी होते, असे याज्ञवल्क्य सांगून गेला होता. विज्ञानेश्वराने त्या वचनाचा अर्थ असा लावला की, बुडते ते तेवढ्या काळाचे उत्पन्न, भूमीवरील स्वामित्व अबाधितच राहते. नारदाने तर आगमावाचून, म्हणजे मालकी मिळाल्याच्या वैध कारणावाचून, शेकडो वर्षे भोगणाऱ्यासही चोराचा दंड सांगितला आहे.

मराठी राज्यातील वतनांचे कज्जे वाचताना हीच वृत्ती पदोपदी प्रत्ययास येते. गोतसभेपुढे भोगवट्याच्या साक्षीस वजन असे खरे. तथापि दुष्काळाने अथवा धामधुमीने परागंदा झालेला मिरासदार कित्येक वर्षांनी गावी परतला, तर मध्यंतरी ती जमीन कसणाऱ्या उपऱ्यास ती त्याच्या स्वाधीन करावी लागे. इंग्रजी अमलात हे पालटले. १८२७ च्या एल्फिन्स्टन संहितेने ३० वर्षांचा अखंड भोग मालकीचा पुरेसा पुरावा ठरविला आणि १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने स्थावराच्या दाव्यास १२ वर्षांची मर्यादा घातली.

त्या व्यवस्थेतही एक वाट मोकळी राहिली. अपकृत्य अखंड चालू असेल, तर ते चालू आहे तोवर मुदत क्षणोक्षणी नव्याने सुरू होते, असे १९०८ च्या मुदतीच्या कायद्याचे २३ वे कलम सांगत होते. पाटाचे पाणी अडविल्याच्या एका प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने १८८० सालीच हे तत्त्व मान्य करून, अडथळा आहे तोवर दाव्याचे कारण दररोज नवे होते असे ठरविले होते.

याच वाटेने आळंदीचे गुरव न्याय मागावयास गेले. ज्ञानेश्वरांच्या देवळातील पूजेचा हक्क वंशपरंपरागत आहे असे त्यांचे म्हणणे, तर ते संस्थानचे चाकर आहेत असे पंचांचे. १९११ साली पंचांनी त्यांस सेवेतून दूर केले, दिवाणी कोर्टातून हुकूमनामा मिळविला आणि त्याच्या बजावणीत गुरव बेदखल झाले. पुढे गुरवांनी फिर्यादी केल्या, तेव्हा अशा हक्काच्या दाव्यास लागू असलेली ६ वर्षांची मुदत टळली होती. म्हणून, आम्हांस पूजेपासून दूर ठेवणे हे नित्य चालणारे अपकृत्य आहे, असा युक्तिवाद त्यांच्या वतीने झाला. १९५९ साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी तो अमान्य केला. बेदखली झाली त्याच क्षणी हक्कास पोहोचलेली इजा पूर्ण झाली. तिचे दुष्परिणाम पुढे चालू राहिले, एवढ्याने मूळचे कृत्य चालू राहत नाही, हा त्या निकालाचा गाभा होय.

हा भेद मला तर्कशुद्ध वाटतो, आणि तरीही तो पचविणे जड जाते. बांध हाही एकदाच घातला जातो. परंतु तो उभा आहे तोवर पाणी रोज अडते आणि तो काढून टाकण्याचे घालणाऱ्याचे कर्तव्य रोज मोडले जाते. गुरवाची पहाटेची पूजा रोज चुकत होती, तिला मात्र कायद्याने परिणामाच्या सदरात घातले. प्रत्येक बेदखली अखंड अपकृत्य मानली, तर मुदतीच्या कायद्यास अर्थच उरणार नाही आणि कोणत्याही गावातील कोणताही कब्जा कधीच निर्वेध होणार नाही, हे उत्तर मला मान्य आहे. पण ज्याचा हक्क गेला त्याच्यापुढे ते उच्चारताना न्यायाधीशाचा आवाज जड व्हावा, असे मला मनापासून वाटते.

१९६३ च्या मुदतीच्या कायद्याने अखंड अपकृत्याचा नियम २२ व्या कलमात जसाचा तसा ठेवला, आणि २७ व्या कलमात, कब्जाच्या दाव्याची मुदत संपताच मालमत्तेवरील हक्कच लोपतो, हेही कायम केले. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने मुदतीअंती परक्या कब्जेदारास हक्क देणाऱ्या, प्रतिकूल कब्जाच्या या कायद्यास तर्कविसंगत म्हणून त्याचा फेरविचार करण्याची केंद्र सरकारास शिफारस केली. विधी आयोगाने २०२३ साली बदलाचे कारण नाही असा अहवाल दिला, आणि १२ वर्षांची मुदत आहे तशीच राहिली.