स्पर्शाविना मोजलेली वाहकता

प्रकाश पडला की काही पदार्थ विजेचे अधिक चांगले वाहक होतात. प्रकाशाची ऊर्जा शोषून पदार्थातला एखादा जखडलेला इलेक्ट्रॉन मोकळा होतो, त्याच्या जागी धनभारासारखे वागणारे छिद्र उरते आणि दोघेही वीज वाहून नेऊ लागतात. काही काळाने ते एकमेकांना भेटून नाहीसे होतात किंवा एखाद्या दोषस्थळी अडकतात, आणि वाहकता पूर्ववत होते. याला प्रकाशवाहकता म्हणतात. किती वाहक निर्माण झाले, ते किती सहज हलतात आणि किती काळ टिकतात, या तीन प्रश्नांवर सौर घटापासून छायाचित्रणाच्या फिल्मपर्यंत अनेक गोष्टी अवलंबून असतात. उत्तरे मिळवण्याची सर्वांत सरळ रीत म्हणजे पदार्थाला दोन तारा जोडणे. प्रकाशवाहकतेच्या पहिल्या ऐंशी वर्षांचा इतिहास हा बव्हंशी या दोन तारांचा आणि त्यांनी उभ्या केलेल्या अडचणींचा इतिहास आहे.

त्याची सुरुवात समुद्राखालच्या तारायंत्रात झाली. केबल टाकली जात असताना तिची चाचणी घेत राहण्यासाठी ब्रिटिश विद्युत अभियंते विलोबी स्मिथ यांना फार मोठ्या रोधाची गरज होती, म्हणून त्यांनी सेलेनियमच्या कांड्या निवडल्या. काचेच्या नळीत बंद केलेल्या या कांड्यांच्या दोन्ही टोकांना प्लॅटिनमच्या तारा होत्या. पण एकाच कांडीचा रोध दर वेळी निराळा येऊ लागला. कांड्या सरकत्या झाकणाच्या पेटीत ठेवल्यावर कारण उघड झाले. झाकण बंद असताना रोध सर्वाधिक असे. झाकण काढले की प्रकाशाच्या तीव्रतेनुसार वाहकता १५ ते १०० टक्क्यांनी वाढे. स्मिथ यांचे हे निरीक्षण २० फेब्रुवारी १८७३ च्या ‘नेचर’मध्ये छापले गेले. सात वर्षांनी अलेक्झांडर ग्रॅहम बेल आणि चार्ल्स समनर टेंटर यांनी सेलेनियमच्याच आधारे प्रकाशझोतावरून आवाज पाठवून दाखवला.

मोजमाप मात्र डळमळीतच राहिले. १९२० च्या दशकात ग्योटिंगेन येथे बर्नहार्ड गुडन आणि रोबर्ट पोल यांनी स्फटिकांमधील प्रकाशप्रवाहाचे दोन भाग वेगळे केले: प्रकाशाने थेट सुटलेल्या भारांचा प्राथमिक प्रवाह आणि त्याच्या मागोमाग येणारा दुय्यम प्रवाह. दुय्यम प्रवाहात विद्युतअग्रांकडून आत शिरणाऱ्या भारांचा वाटा मोठा असतो. धातू आणि अर्धसंवाहक जिथे टेकतात तिथे विजेचा एक अडसर तयार होतो. कधी तो भारांना रोखतो, कधी तिथूनच नवे भार आत घुसतात. अशा वेळी मापकावर दिसणारा आकडा पदार्थाचा किती आणि जोडणीचा किती, हे सांगणे अवघड होते. भुकटी, द्रव किंवा जिलेटिनमध्ये विखुरलेले कण यांना तर तार जोडायची कुठे, हाच प्रश्न असे.

तारेला पर्याय ठरलेल्या सूक्ष्मतरंगांचा, म्हणजे मायक्रोवेव्हचा, आरंभीचा इतिहास कोलकात्यात घडला. प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस यांनी १८९० च्या दशकात काही मिलिमीटर ते सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीच्या विद्युतचुंबकीय लहरी निर्माण केल्या आणि जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे प्रयोग दाखवले. या लहरी ओळखण्यासाठी त्यांनी गॅलेना, म्हणजे शिशाचे सल्फाइड असलेले खनिज, वापरले. त्याचे अमेरिकी पेटंट त्यांना १९०४ मध्ये मिळाले. गॅलेनाचा तो तुकडा या विद्युतचुंबकीय लहरींना जसा प्रतिसाद देई तसाच दृश्य प्रकाशालाही देई, असे त्या पेटंटातच नोंदवलेले आहे. अर्धसंवाहक, प्रकाश आणि सूक्ष्मतरंग ही तिन्ही एका मेजावर आली ती बहुधा इथेच पहिल्यांदा. एकाच्या साहाय्याने दुसरे मोजण्याचा विचार मात्र अजून दूर होता, कारण त्यासाठी स्थिर शक्तीचा आणि स्थिर वारंवारतेचा स्रोत हवा होता.

तो स्रोत दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मिळाला. १९३७ मध्ये स्टॅनफर्डला व्हेरियन बंधूंनी क्लिस्ट्रॉन तयार केला, १९४० मध्ये बर्मिंगहॅमला जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन चालवून दाखवला, आणि रडारसाठी तीन सेंटिमीटर लांबीच्या लहरींची सगळी साधने झपाट्याने बनू लागली. एमआयटीच्या रेडिएशन लॅबोरेटरीने हे ज्ञान युद्धानंतर २८ खंडांत छापून खुले केले. त्यातला एक खंड मायक्रोवेव्ह मोजमापाच्या तंत्रालाच वाहिलेला आहे. आज प्रकाशवाहकता मोजणाऱ्या अनेक प्रयोगशाळांत दिसणारी, लहर वाहून नेणारी पितळी आयताकृती नळी, आतून २२.८६ मिलिमीटर रुंद आणि १०.१६ मिलिमीटर उंच, ही रडारच्याच काळातली आहे.

१९५३ मध्ये बेल प्रयोगशाळेत टी. एस. बेनेडिक्ट आणि विल्यम शॉकली यांनी जर्मेनियममधील इलेक्ट्रॉन किती वेळा धडकतात हे मायक्रोवेव्हने पाहिले. प्रकाशाची जोड लवकरच मिळाली. न्यू जर्सीतील फोर्ट मॉनमथ येथे अमेरिकी लष्कराच्या सिग्नल प्रयोगशाळेत रॅम्सा, जेकब्स आणि ब्रँड यांनी जर्मेनियमवर प्रकाशाचा झोत टाकून वाहकांचे आयुर्मान मायक्रोवेव्हने मोजले. त्यांचा निबंध १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. ट्रान्झिस्टरचा धंदा तेव्हा भरात होता. जर्मेनियमच्या प्रत्येक तुकड्याला तार डकवून, मोजून, मग ती काढून टाकणे कारखान्याला परवडणारे नव्हते. या पद्धतीत तुकडा जसा आला तसाच परत जात असे.

या मोजमापाचे तत्त्व साधे आहे. मोकळा भार मायक्रोवेव्हच्या विद्युतक्षेत्रात मागेपुढे हलतो, धडकतो आणि लहरीची थोडी शक्ती उष्णतेत घालवतो. नमुन्यावर प्रकाश पडून मोकळे भार वाढले की परतणारी मायक्रोवेव्ह शक्ती किंचित बदलते. बदल लहान असेल तर शक्तीतील सापेक्ष घट ही वाहकतेतील वाढीच्या सम प्रमाणात असते, आणि प्रमाणाचा स्थिरांक नळीच्या व नमुन्याच्या मापांवरून काढता येतो. प्रत्यक्ष मांडणीत गन डायोडसारखा स्रोत सुमारे ९ गिगाहर्ट्झची लहर सोडतो. सर्क्युलेटर नावाचा भाग जाणारी आणि परतणारी लहर वेगळी ठेवतो. क्वार्ट्झच्या पट्टीवर चढवलेला नमुना नळीच्या बंद धातूच्या टोकापासून पाव लहर अंतरावर बसवतात, कारण विद्युतक्षेत्र तिथे सर्वांत प्रबळ असते. टोकाच्या जाळीतून किंवा फटीतून काही नॅनोसेकंदांचा लेझर झोत आत येतो, आणि परतलेली शक्ती मोजणारा डायोड ऑसिलोस्कोपवर एक उंचवटा काढतो. तो झटक्यात चढतो आणि सावकाश उतरतो. उताराचा आकार म्हणजेच वाहकांच्या मृत्यूचा आलेख.

संवेदनशीलता वाढवायची तर नळीपुढे लहान छिद्राची पट्टी लावून तिची अनुनादी कॅव्हिटी करतात. लहर आत पुन्हा पुन्हा फिरते आणि प्रत्येक फेरीत नमुन्याला भेटते. पण लहर आत रेंगाळली की जलद बदल पुसट होतात. कॅव्हिटीचा गुणवत्ता गुणांक (Q) ५०० असेल तर ९ गिगाहर्ट्झला प्रतिसादाचा काळ सुमारे १८ नॅनोसेकंद होतो. अंधूक संकेत स्पष्ट पाहायचा की वेगवान घटना पकडायची, हा निर्णय प्रत्येक प्रयोगकर्त्याला नमुन्यागणिक घ्यावा लागतो.

ज्यांना तार जोडणे शक्यच नव्हते अशा पदार्थांत या पद्धतीचे खरे मोल दिसले. छायाचित्रणाच्या फिल्ममध्ये सिल्व्हर हॅलाइडचे सूक्ष्म स्फटिक जिलेटिनमध्ये विखुरलेले असतात. त्यांच्यातील प्रकाशजन्य इलेक्ट्रॉनांचे वर्तन रॉचेस्टरच्या कोडॅक प्रयोगशाळेत मायक्रोवेव्हने अभ्यासले गेले. तिथल्याच डेरी आणि स्पूनहॉवर यांनी १९८४ मध्ये अशा मोजमापाच्या मर्यादा मांडल्या.

नेदरलँड्समधील डेल्फ्टला वाट निराळी होती. तिथल्या अणुभट्टी संस्थेत जॉन वॉरमन, मॅथाइस डी हास आणि सहकारी प्रकाशाऐवजी व्हॅन डी ग्राफ यंत्रातून ३ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टच्या इलेक्ट्रॉनांचा क्षणिक झोत वापरत आणि विद्युतरोधी द्रवांत सुटलेल्या भारांचा माग नॅनोसेकंदांच्या पायरीवर घेत. ही पद्धत १९७७ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि १९८२ पर्यंत तीच मांडणी लेझरने चालू लागली. पुढचे काम फार सुंदर आहे. १९८६ मध्ये याच गटाने ऑस्ट्रेलियन आणि डच रसायनतज्ज्ञांसोबत प्रकाशसंश्लेषणाची नक्कल करणारे रेणू तपासले. प्रकाश पडताच इलेक्ट्रॉन रेणूच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाई आणि रेणू एक प्रचंड द्विध्रुव बने. असा द्विध्रुव क्षेत्रात फिरताना मायक्रोवेव्हची शक्ती खातो, म्हणून एकही भार द्रवातून आरपार न जाता तो मोजता आला. १९९१ मध्ये एकावर एक रचलेल्या पॉर्फिरिन रेणूंतून, आणि १९९८ मध्ये विद्रावात सुट्या तरंगणाऱ्या पॉलिमर साखळ्यांवरून भार कसे धावतात, हे डेल्फ्टने दाखवले. सुट्या साखळीला तार जोडण्याची कल्पनाही करता येत नाही.

बर्लिनच्या हान-माइटनर संस्थेत मारिनुस कुन्स्ट आणि जी. बेक यांनी १९८६ मध्ये अर्धसंवाहकांसाठी या मोजमापाचे सविस्तर गणित मांडले. तोवर सिलिकॉनचा उद्योगही पद्धतीकडे वळू लागला होता. सिलिकॉनच्या चकतीवर ९०४ नॅनोमीटरचा लेझर ठिपक्याठिपक्याने फिरवला की लोहासारखी अशुद्धी नकाशावर डागासारखी उमटते, कारण तिथे वाहक लवकर मरतात. अडचण पृष्ठभागाची होती. चकतीच्या उघड्या पृष्ठभागावर वाहक इतक्या वेगाने नाहीसे होतात की आतल्या सिलिकॉनचे आयुर्मान झाकले जाते. १९९३ मध्ये हंगेरीच्या होरान्यी, पावेल्का आणि ट्युटो यांनी आयोडीन मिसळलेल्या इथेनॉलचा उपाय सुचवला. चकती हायड्रोफ्लोरिक आम्लाने स्वच्छ करून या द्रावणासह पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली की पृष्ठभाग शांत होतो, आणि मायक्रोवेव्ह व लेझर दोन्ही पिशवीतून आरपार जातात. हा उपाय अनेक प्रयोगशाळांनी उचलला. जाड व कमी रोधाच्या चकतीत मात्र मायक्रोवेव्ह फार खोल जात नाही. १ ओहम-सेंटिमीटरच्या सिलिकॉनमध्ये १० गिगाहर्ट्झची लहर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास क्षीण होते.

तार काढून टाकण्याची किंमत मोजावी लागते, आणि ती लहान नाही. पद्धत हाती देते तो एक गुणाकार असतो: किती भार सुटले आणि इलेक्ट्रॉन व छिद्र मिळून किती गतिशील आहेत, यांचा. कोणता वाटा कोणाचा, हे संकेत आपणहून सांगत नाही. शिवाय ९ गिगाहर्ट्झला क्षेत्र दर ०.०५६ नॅनोसेकंदाला दिशा उलटवते, त्यामुळे भार काही नॅनोमीटरच सरकतो. कणांच्या सीमा ओलांडण्याची वेळ त्याच्यावर येत नाही. म्हणून हे मोजमाप पदार्थाच्या आतल्या गुणांविषयी प्रामाणिक असते, पण पूर्ण सौर घटातून वीज किती निघेल याची हमी देत नाही. जपानमध्ये अकिनोरी साएकी आणि शू सेकी यांच्या गटाने हे अंतर कमी केले. २०१२ मध्ये त्यांनी लेझरऐवजी झेनॉन दिव्याचा पांढरा झोत वापरून पॉलिमर आणि फुलरीनची मिश्रणे तपासली आणि संकेत प्रत्यक्ष घटांच्या कामगिरीशी ताडून पाहिला.

सौर घटांत पेरोव्हस्काइट प्रकारचे पदार्थ आल्यावर हाच गुणाकार पुन्हा कसाला लागला. त्यांपैकी मिथिलअमोनियम लेड आयोडाइडच्या थरांची २०१४ मध्ये तपासणी झाली तेव्हा साएकी आणि सेकी यांच्या ओसाकाच्या गटाला वाहक स्थानिक पातळीवर चपळ आढळले, त्यांचे पुनर्मीलन मंद आणि त्यांना अडकवणारे सापळे अगदी उथळ. डेल्फ्टच्या टॉम साव्हेनाये यांच्या गटाने गुणाकार फोडण्यासाठी पेरोव्हस्काइटच्या शेजारी एकच प्रकारचा वाहक ओढून घेणारे थर लावले. इलेक्ट्रॉन बाहेर गेले की मागे छिद्रांचा संकेत उरतो, आणि छिद्रे गेली की इलेक्ट्रॉनांचा.