रंगून पडलं आणि कार्ड आलं

कोकण किनाऱ्यावरच्या दिघीत मुलीचं लग्न झालं की हळदीचे हात पुरते धुतले जाण्याआधी एक कागदी काम निघतं. श्रीवर्धनच्या तहसील कचेरीत जाऊन तिचं नाव बापाच्या रेशनकार्डावरून कमी करायचं, तसा दाखला घ्यायचा आणि तो दाखवून सासरच्या कार्डावर नाव चढवायचं. भावाभावांत चूल वेगळी झाली तर कार्डही वेगळं. घरात माणसं किती, हे सरकारदरबारी ठरवणारा हा कागद मुळात दुसऱ्या महायुद्धाचा.

त्याची कुळी तांदळात आहे. या किनाऱ्यावर भाकरीसुद्धा तांदळाची. पण कोकणची खाचरं सगळ्यांना वर्षभर पोसतील एवढी कधीच नव्हती आणि मुंबईची भूक तर त्याहून मोठी. ती भागायची ब्रह्मदेशाच्या तांदळावर. तिथून हिंदुस्थानात वर्षाला दहा लाख टनांहून अधिक तांदूळ यायचा. 8 मार्च 1942 रोजी जपान्यांनी रंगून घेतलं आणि ती वाट बंद झाली. भाव चढले, साठेबाजी सुरू झाली, दुकानांपुढे रांगा लागल्या.

2 मे 1943 पासून मुंबईत रेशनिंग लागू झालं. ही यंत्रणा उभी करण्यात ए. डी. गोरवाला या आय.सी.एस. अधिकाऱ्याचं नाव आदराने घेतलं जातं. त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसं मेली. कलकत्त्यात रेशनिंग यायला 1944 उजाडलं. मुंबईचा कारभार वेळेवर जागा झाला, एवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

रीत सोपी होती: माणशी धान्य ठरलेलं, दुकान ठरलेलं, कार्ड दाखवल्याशिवाय दाणा नाही. पण भात खाणाऱ्याच्या पिशवीत आता गहू, ज्वारी, बाजरीही पडू लागली. गावाहून तांदूळ आणावा, तर रेशनिंगच्या हद्दीत परवान्याशिवाय धान्य नेणं गुन्हा. आपल्याच शेतातला तांदूळ आपल्याच पोराकडे चोरून न्यायची पाळी आली.

दिघी तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हतीच. खाडीपलीकडच्या जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाचं राज्य इथवर होतं आणि ते 1948 मध्ये विलीन झालं. त्यामुळे गावाला कार्डाची ओळख झाली असेल ती मुंबईत गोदीत, गिरणीत किंवा बोटीवर लागलेल्या माणसांकडून, असा माझा कयास आहे.

युद्ध 1945 मध्ये संपलं, कार्ड काही संपेना. गांधीजींचा धान्यावरच्या या नियंत्रणांना विरोध होता. 1947 च्या अखेरीस ती सैल केली, भाव भडकले आणि वर्षाच्या आत पुन्हा आवळली. 1954 मध्ये केंद्रीय अन्नमंत्री रफी अहमद किडवाईंनी ती उठवली, पण पुढच्या टंचाईत रास्त भावाची दुकानं परत आली. 1972 च्या दुष्काळातली लाल मिलो ज्वारी ज्यांनी खाल्ली, त्यांच्यासमोर तिचं नाव काढून बघा! त्याच वर्षी मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. ‘काळा बाजार’ हा शब्द घरोघरी पोचला तोही युद्धातल्या टंचाईमुळेच. आणि जुनी माणसं रेशन दुकानाला अजून ‘कंट्रोल’च म्हणतात.

1999 मध्ये महाराष्ट्रात कार्डाला रंग आले. वर्षाला पंधरा हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर पिवळं, एक लाखापर्यंत केशरी, त्यावर पांढरं. मग अंगठ्याचं मशीन आलं. जन्मभर जाळी ओढून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांना ते ओळखायला खळखळ करतं.

पांढऱ्या कार्डावर स्वस्त धान्याचा दाणाही मिळत नाही, तरी लोक ते काढायला खेटे घालतात. उत्पन्नाचा दाखला काढायचा म्हटलं की खिडकीवर आधी त्याचीच झेरॉक्स मागतात.