लष्करी अळीच्या शत्रुमाश्यांची ओळख

लष्करी अळी कुरणांतील गवतावर आणि तृणधान्यांवर झुंडीने तुटून पडते. तिच्या नैसर्गिक शत्रूंमध्ये टॅकिनिड कुळातील परोपजीवी माश्या महत्त्वाच्या आहेत. या माश्यांचे डिंभ अळीच्या शरीरात वाढतात आणि बहुधा तिचा जीव घेऊनच बाहेर पडतात. कुळात सुमारे 8,500 जाती ज्ञात असून पुष्कळ माश्या दिसायला घरमाशीसारख्या असतात. त्यामुळे त्यांची नेमकी ओळख पटायला फार काळ लागला.

17व्या शतकात डच चित्रकार योहानेस गोएडार्ट याला पाळलेल्या सुरवंटांच्या कोशांतून कधी फुलपाखरे, तर कधी माश्या निघताना दिसल्या. दोन्ही सुरवंटाचीच संतती, असे त्याने मानले. 1668 मध्ये फ्रांचेस्को रेदीने मांसातील किडे माश्यांच्या अंड्यांतून येतात हे प्रयोगाने दाखवले आणि असल्या समजुतींचा पाया ढासळू लागला. टॅकिना ही प्रजाती जर्मन कीटकशास्त्रज्ञ मायगेन याने 1803 मध्ये स्थापली.

1861 मध्ये अमेरिकेत लष्करी अळीचा मोठा उद्रेक झाला. इलिनॉयमधील बेंजामिन वॉल्श याने तिच्यावर जगणाऱ्या तांबड्या शेपटीच्या माशीचे वर्णन करून तिला ‘मिलिटॅरिस’ हे जातिनाम दिले. ही माशी अळीच्या त्वचेवर अंडी चिकटवते. डिंभ आत शिरण्यापूर्वी अळीने कात टाकली, तर अंडी कातेबरोबर गळून पडतात.

सगळ्याच जातींची रीत अशी नाही. जपानमध्ये सासाकी याने 1886 मध्ये दाखवले, की रेशीमकिड्यांची उझी माशी तुतीच्या पानांवर अंडी घालते आणि किडा ती पानांबरोबर गिळतो. 1910 मध्ये पांतेल याने शरीररचना व प्रजननपद्धती यांवरून माश्यांचे गट पाडले.

ओळखीइतकेच यजमानांचे ज्ञानही आवश्यक होते. जिप्सी पतंगाविरुद्ध 1906 मध्ये अमेरिकेत आणलेली काँप्सिल्युरा माशी 180 हून अधिक जातींच्या कीटकांवर जगते; तिने स्थानिक रेशीमपतंगांचीही मोठी हानी केली. उलट कोस्टा रिकात 2006 मध्ये डीएनए तपासणीने बेल्व्होसिया प्रजातीच्या 20 मानलेल्या जाती प्रत्यक्षात 32 असल्याचे उघड केले. बहुभक्षी समजल्या गेलेल्या तीन जाती म्हणजे ठरावीक यजमानांवरच जगणाऱ्या अनेक जातींचे समूह निघाले.

म्हणूनच परोपजीवी माशी शेतात सोडण्यापूर्वी तिची जात आणि तिचे सर्व यजमान यांची खात्री करून घेणे अनिवार्य ठरते.