तारीख, जागा, नंबर

५ एप्रिल २०२० रोजी, देशभर टाळेबंदी असताना, खंडाळ्याजवळचा अमृतांजन पूल सुरुंग लावून पाडण्यात आला. द्रुतगती मार्गावर त्याचे खांब वाहतुकीला अडचण करत होते आणि रस्ता रिकामा असण्याची अशी संधी पुन्हा येणार नव्हती. बामच्या जाहिरातीच्या मोठ्या फलकावरून लोकांनी त्याला ते नाव दिले होते. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत बहुतेक ठिकाणी एकच आकडा होता : पूल १९० वर्षांचा, म्हणजे १८३० चा.

हा आकडा हवेतून आलेला नाही. भोर घाटातला गाडीरस्ता गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत १० नोव्हेंबर १८३० रोजी खुला झाला. पण रेल्वेचा नाद असलेली मंडळी वेगळे सांगत होती. त्यांच्या मते या कमानी रस्त्यासाठी उभारलेल्याच नव्हत्या, त्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या रिव्हर्सिंग स्टेशनच्या मार्गातल्या होत्या. १८६३ मध्ये घाट सुरू झाला तेव्हा चढणारी गाडी या स्टेशनात येऊन थांबे, इंजिन दुसऱ्या टोकाला जोडले जाई आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढू लागे. १९२९ मध्ये नवा बोगद्यांचा मार्ग झाला आणि ही कसरत संपली. रूळ गेले, दगड राहिले.

वाद मिटवायला काय लागते? १८६३ ते १९२९ या काळातले, त्या कमानींवर रूळ दाखवणारे एक छायाचित्र, आणि त्याच्या मागे ते कुठून, कोणत्या दिशेला तोंड करून, कधी काढले एवढी एक ओळ. त्या आठवड्यात माझ्या मोबाइलवर पुलाची डझनभर जुनी छायाचित्रे आली. एकाखाली 'सन १८३०' असे लिहिले होते. पॅरिसमध्ये दागेरची छायाचित्रणाची पद्धत जगासमोर आली तीच मुळी १८३९ मध्ये. बाकीच्या छायाचित्रांखाली काहीच नव्हते. सुंदर होती, पण साक्ष द्यायला उभी करता येतील अशी नव्हती.

गाड्या, पूल, विमाने, गिरण्यांची धुराडी यांची छायाचित्रे काढत हिंडणाऱ्यांना आपल्याकडे थोडेसे चक्रम समजतात. समजोत. मला या छंदातला फोटोपेक्षा वहीचा भाग महत्त्वाचा वाटतो. इंजिनाचा नंबर, स्टेशनचे नाव, तारीख, गाडी वर जाणारी की खाली येणारी. बघणाऱ्याला हा कारकुनी सोस वाटतो. इतिहासाला उपयोगी पडतो तो हाच. आणि गंमत अशी, की गणवेशातल्या माणसाला संशय येतो तोही याच वहीमुळे.

मुंबईला छायाचित्रणाची हौस फार लवकर लागली. १८५४ मध्ये, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावल्याच्या पुढच्याच वर्षी, फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आपल्याला शिलालेखांमुळे आणि वैद्यकीमुळे माहीत आहेत, पण त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे या सोसायटीतले सक्रिय छायाचित्रकार होते. डिसेंबर १८५६ पासून जॉन्सन आणि हेंडरसन यांनी मुंबईतून छायाचित्रांचे एक मासिक काढले, त्याच्या नावातच 'ॲमॅच्युअर' हा शब्द होता. हौशी हा शब्द तेव्हा हिणवण्याचा नव्हता. जड कॅमेरा, काचा, रसायने आणि ती वाहायला माणसे परवडतील असा डॉक्टर, अधिकारी किंवा व्यापारी, असा त्याचा अर्थ होता.

त्याच वर्षांत भोर घाटाचे काम चालू होते. कर्जतपासून वर सुमारे १,८३१ फुटांचा चढ, काही ठिकाणी ३७ फुटांना एक फूट, २५ बोगदे, आणि भर कामाच्या दिवसांत चाळीस हजारांहून अधिक मजूर. मुख्य अभियंता जेम्स बर्कली याने १८६० मध्ये लंडनला सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे या रेल्वेवर निबंध वाचला, तो छापलाही गेला. घाट सुरू झालेला पाहायला मात्र तो उरला नाही. १८६२ मध्ये वारला. या काळातले कोणतेही घाटाचे छायाचित्र तारखेशिवाय किती कुचकामी ठरते, याचे एक उदाहरण देतो. घाटातला महूकी मल्ली नावाचा कमानींचा पूल जुलै १८६७ मध्ये कोसळला. म्हणजे त्या जागेच्या छायाचित्राला 'कोसळण्यापूर्वी की नंतर' हा पहिला प्रश्न विचारावा लागतो. उत्तर फोटोत मिळेलच असे नाही. मागच्या कोऱ्या बाजूवर कोणी लिहिले असेल तर मिळते.

मग बंदी आली कशी? १८८९ चा गोपनीयतेचा कायदा होताच, पण आज ज्याचे नाव घेतले जाते तो १९२३ चा ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्ट. तो मुळातून वाचण्यासारखा आहे. त्यात 'स्केच' या शब्दाच्या व्याख्येत छायाचित्र येते आणि शत्रूला उपयोगी पडेल असे स्केच, नकाशा, नमुना किंवा टिपण करणे हा गुन्हा ठरतो. म्हणजे कायद्याने फोटो आणि वही एकाच पंगतीला बसवली. मात्र त्याच कायद्यात दुसरीही गोष्ट आहे, ती फार कमी लोकांना ठाऊक असते. शत्रूला मदत होईल या कारणाने एखादी रेल्वे, रस्ता किंवा त्याचा पूल 'निषिद्ध जागा' ठरवायचा तर केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढायला हवी आणि तिची प्रत त्या जागी इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत लावायला हवी. प्रत्यक्षात काय झाले, तर अधिसूचना राहिली कपाटात आणि 'फोटो काढण्यास सक्त मनाई आहे' हे वाक्य सगळ्या पुलांवर आपोआप उगवले. कायद्यापेक्षा सवयीची ताकद मोठी.

माझे असे मत झाले आहे की या सवयीने गुपित काहीच राहिले नाही. ज्या पुलांचे गाळे, उंची, चढ लंडनच्या नियतकालिकांत छापून झाले होते, त्यांचे राखायचे ते काय? राहिले नाही ते आपल्या हातचे दप्तर.

इंग्लंडमध्ये काय घडले ते पाहिले तर फरक कळतो. ऐन युद्धात, १९४२ मध्ये, सदर्न रेल्वेच्या कचेरीत काम करणाऱ्या इयन ॲलन या तरुणाने इंजिनांच्या नंबरांची एक छोटी पुस्तिका छापली. लोक पत्रे लिहून इंजिनांची माहिती विचारत, त्यांना उत्तरे देऊन तो कंटाळला होता. पुस्तिका हातोहात खपली. १९४४ मध्ये टनब्रिजला रुळांत शिरलेल्या पोरांवर खटले झाले, तेव्हा त्याने क्लब काढला आणि सभासदांकडून रेल्वेच्या हद्दीत घुसणार नाही अशी शपथ घेतली. बंदी घालण्याऐवजी शिस्त लावली, एवढेच. त्या पिढीतून बिशप एरिक ट्रेसीसारखी माणसे उभी राहिली. वेकफील्डचा हा धर्मगुरू इंजिन-ड्रायव्हरांचा दोस्त होता आणि आयुष्यभर त्याने गाड्यांचे फोटो काढले. मे १९७८ मध्ये ॲपलबी स्टेशनवर वाफेच्या इंजिनाची एक खास गाडी यायची वाट बघत असतानाच तो गेला.

ब्रिटिश रेल्वेवरून वाफ ऑगस्ट १९६८ मध्ये गेली. आपल्याकडे ब्रॉडगेजवर ती डिसेंबर १९९५ पर्यंत टिकली. मधल्या सत्तावीस वर्षांत युरोपातले हौशी लोक परवाने काढून, चांगले कॅमेरे घेऊन इकडे आले आणि आपली इंजिने टिपून घेऊन गेले. ह्यू ह्यूज यांची भारतीय इंजिनांची चार भागांची सूची १९९० ते १९९६ या काळात इंग्लंडमध्ये छापली गेली. आजही एखाद्या इंजिनाचे जन्मवर्ष पाहायचे तर तीच उघडावी लागते. त्यांचा मला राग नाही, उलट उपकारच आहेत. पण यवतमाळ–मूर्तिजापूरच्या शकुंतलेचे वाफेचे इंजिन एप्रिल १९९४ मध्ये जाऊन डिझेल आले, तेव्हा तिच्या वाटेवरच्या गावांतल्या किती घरांत त्या इंजिनाचा एक तरी फोटो होता? लग्नाचे अल्बम होते.

याला पैसाही कारण होता, सगळा दोष पाट्यांच्या माथी मारून चालणार नाही. माझ्या शाळकरी वयात आमच्या घरात आग्फा क्लिक थ्री होता. रोलवर बारा फोटो. रोल धुऊन प्रिंट काढायचा खर्च महिन्याच्या दुधाच्या बिलाशी तोलला जाई. शटर असा की धावती गाडी म्हणजे नुसता राखाडी पट्टा. म्हणून माझ्या जुन्या फोटोंतली सगळी इंजिने उभी आहेत. पाणी भरताना, सिग्नलला, शेडच्या तोंडाशी. नंतर पस्तीस मिलिमीटरचा कॅमेरा आला तेव्हा एका खाडीपुलाजवळ गणवेशातल्या एका गृहस्थांनी कॅमेऱ्याची पाठ उघडून रोल उन्हात ओढला. माझी वही मात्र त्यांनी जास्त वेळ वाचली. 'हे नंबर कोणासाठी?' असे विचारले. 'माझ्यासाठी' हे उत्तर त्यांना पटण्यासारखे नव्हते.

त्यांना तरी एकट्याला का बोल लावायचा? नोव्हेंबर २००१ मध्ये ग्रीसमधल्या कालामाता येथे हवाई दलाच्या तळावर लोकांसाठी खुला दिवस होता. तिथे बारा ब्रिटिश आणि दोन डच विमानप्रेमी पकडले गेले. फोटोंपेक्षाही विमानांचे नंबर टिपलेल्या त्यांच्या वह्या अंगाशी आल्या. पुढच्या एप्रिलमध्ये आठ जणांना तीन-तीन वर्षांची शिक्षा झाली, सहा जणांना एकेक वर्षाची, तीही स्थगित ठेवून. नोव्हेंबर २००२ मध्ये अपिलात सगळे सुटले. प्रौढ माणूस केवळ आवडीसाठी शेपटीवरचे नंबर लिहून घेतो ही गोष्ट न्यायालयाला समजावून सांगण्यात वर्ष गेले.

इथे एक स्पष्ट म्हणतो. रुळांवर उभे राहून, दारात लोंबकळून फोटो काढणाऱ्यांची बाजू मी घेत नाही. १९८९ च्या रेल्वे कायद्याचे १४७ वे कलम त्यांच्यासाठीच आहे आणि ते असावे. घाटात गाडी मागून ढकलणारी बँकर इंजिने बघायची तर कड्यावर चढा, रुळांत उतरू नका.

आता परिस्थिती उलटी झाली आहे. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. ९ एप्रिल २०१६ च्या रात्री मुंबईच्या हार्बर मार्गावर डीसी विजेवरची शेवटची लोकल धावली. १९२५ मध्ये व्हीटी ते कुर्ला सुरू झालेले एक युग संपले आणि डब्यात मोबाइल उंचावलेले होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये मशीद बंदरजवळचा १८६८ चा कर्नाक पूल तोडला, त्याच्या चित्रफिती तासाभरात सगळीकडे पोचल्या. पण व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या फोटोत कॅमेऱ्याने आत नोंदवलेली तारीख आणि जागा उरत नाही. चार हात फिरल्यावर कर्नाकचा गर्डर आणि २०१६ मध्ये पाडलेल्या हँकॉक पुलाचा गर्डर कोण वेगळा ओळखणार? तीच गत महाडच्या सावित्री पुलाची. १९२८ चा तो दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला, दोन एसटी गाड्या आणि त्यांतली माणसे घेऊन. नंतर मी त्याची जुनी छायाचित्रे गोळा करू लागलो. मिळाली ती बहुतेक रस्त्यावरून काढलेली, नदी आणि डोंगर दाखवणारी. कमानींचा खालून काढलेला, पाण्याची पातळी आणि दगडांचे सांधे दिसतील असा, तारखेचा एकही फोटो माझ्या हाती लागला नाही. असा फोटो असता तर पूल वाचला असता असे मी म्हणत नाही. पण तो १९९० मध्ये कसा होता आणि २०१० मध्ये कसा, हे तरी कोणाला दाखवता आले असते.

गेल्या वर्षी एका निवृत्त गार्डच्या मुलाने बिस्किटाचा पत्र्याचा डबा आणून दिला. वडिलांचे फोटो, जवळजवळ सगळे कुर्डुवाडीच्या आसपासचे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप याने १८९७ मध्ये सुरू केलेली बार्शी लाइट रेल्वे, पुढे पंढरपूर, लातूर, मिरजपर्यंत गेलेली अडीच फुटी गाडी. आता ती सगळी ब्रॉडगेज झाली आहे. बहुतेक फोटोंच्या मागे पेन्सिलीने इंजिनाचा नंबर, तारीख आणि गावाचे नाव आहे. एकाच फोटोमागे काही नाही. त्यात टपावरसुद्धा माणसे बसलेली एक वारीची गाडी आहे आणि कोपऱ्यात अर्धवट आलेल्या डब्यावर 'द. म.' ही अक्षरे. सोलापूर विभाग २ ऑक्टोबर १९६६ रोजी मध्य रेल्वेतून नव्या दक्षिण मध्य रेल्वेत गेला आणि २ ऑक्टोबर १९७७ ला परत मध्य रेल्वेत आला. अक्षरे पुसून नवी रंगवायला थोडा वेळ लागला असेल, तो धरूनही फोटो या अकरा-बारा वर्षांतलाच. गाडी आषाढीची की कार्तिकीची ते गार्डच्या मुलाने सांगितले. टपावरच्या माणसांच्या डोक्यांवर घोंगड्यांच्या खोळी आहेत.

मी मागे पेन्सिलीने लिहिले : कुर्डुवाडीजवळ, आषाढी, १९६७ ते १९७८ दरम्यान. इंजिन नंबर दिसत नाही.