राष्ट्रपतिपदाची निवडणूक (१९६९) : पक्षनिष्ठा व विवेकमत

भारताच्या चौथ्या राष्ट्रपतींची, १६ ऑगस्ट १९६९ रोजी झालेली निवडणूक. आयुष्यभर एकाच पक्षात राहिलेल्या शेकडो लोकप्रतिनिधींनी या निवडणुकीत आपल्या पक्षाच्या अधिकृत उमेदवाराविरुद्ध मत दिले आणि तसे करणे हीच खरी पक्षनिष्ठा होय, असा दावा केला. स्वातंत्र्योत्तर राजकारणात पक्षादेश व व्यक्तीची विवेकबुद्धी यांचा इतका उघड संघर्ष त्यापूर्वी झाला नव्हता.

या पदासाठी सामान्य नागरिक मतदान करीत नाही. संविधानाच्या ५४ व्या अनुच्छेदानुसार संसदेचे व राज्य विधानसभांचे निवडून आलेले सदस्य मिळून राष्ट्रपतींची निवड करतात. ५५ व्या अनुच्छेदाने हे मतदान गुप्त ठरविले असून ते एकल संक्रमणीय पद्धतीने होते, म्हणजे मतदार उमेदवारांना पसंतिक्रम देतो. १९६१ च्या जनगणनेच्या आधारे १९६९ मध्ये महाराष्ट्रातील एका आमदाराच्या मताचे मूल्य १४६, तर खासदाराच्या मताचे ५७६ होते. बीड जिल्ह्यातील शेतकऱ्याला किंवा शिक्षकाला राष्ट्रपती कोण व्हावा हे सांगण्याचा मार्ग आपल्या आमदार-खासदारांमार्फतच होता आणि त्यांनी कोणाला मत दिले हे त्याला कधीच कळणार नव्हते. मताच्या या गुप्ततेवरच १९६९ चे सर्व नाट्य उभे आहे.

राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे ३ मे १९६९ रोजी निधन झाले. त्यांच्या जागी उमेदवार ठरविताना काँग्रेसमधील पंतप्रधान इंदिरा गांधी व ‘सिंडिकेट’ म्हणून ओळखला जाणारा ज्येष्ठ नेत्यांचा गट यांच्यातील मतभेद विकोपास गेले. जुलैमध्ये बंगलोर येथे भरलेल्या बैठकीत पक्षाच्या संसदीय मंडळाने नीलम संजीव रेड्डी यांची बहुमताने निवड केली. त्यांच्या बाजूने मत देणाऱ्यांत कामराज व मोरारजी देसाई यांच्याबरोबर महाराष्ट्रातील स. का. पाटील आणि यशवंतराव चव्हाण हेही होते. बैठकीनंतर काही दिवसांतच पंतप्रधानांनी मोरारजींचे अर्थखाते काढून घेतले आणि १९ जुलैला चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण केले. हंगामी राष्ट्रपती वराहगिरी वेंकट गिरी यांनी राजीनामा देऊन अपक्ष म्हणून निवडणूक लढविण्याचे ठरविले. रेड्डींच्या उमेदवारी अर्जावर स्वतः इंदिरा गांधींची सही होती, ही गोष्ट पुढील घटनांच्या संदर्भात विसरता येत नाही.

काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी दुसऱ्या पसंतीची मते मिळावीत म्हणून जनसंघ व स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांशी बोलणी केली. पंतप्रधानांच्या गटाला हवे होते ते निमित्त यामुळे मिळाले. जगजीवनराम व फक्रुद्दीन अली अहमद यांनी मतस्वातंत्र्याची मागणी केली आणि मतदानापूर्वी इंदिरा गांधींनी सदस्यांना आपल्या विवेकबुद्धीस स्मरून मत देण्याचे आवाहन केले. ‘अंतरात्म्याचा आवाज’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून मराठी राजकीय भाषेत रुळला. त्यात कधी आदर, तर बऱ्याचदा उपरोधही असतो. उपरोध सर्वस्वी अनाठायी म्हणता येणार नाही. कारण विवेकाची हाक पक्षातील सत्तास्पर्धेच्या सोयीनेच दिली गेली होती. तरीही जुन्या काँग्रेसजनांपुढील पेच खरा होता. ज्या संघटनेत तुरुंगवास भोगला तिचा ठराव मोडायचा, की त्याच संघटनेच्या समाजवादी घोषणांच्या विरोधकांशी हातमिळवणी पत्करायची, यांतून एकाची निवड त्यांना करावयाची होती.

रिंगणात पंधरा उमेदवार होते. पहिल्या पसंतीची मते गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि चिंतामणराव देशमुखांना १,१२,७६९ मिळाली. दोन वर्षांपूर्वी झाकिर हुसेन यांना काँग्रेसचे उमेदवार म्हणून ४,७१,२४४ मते पडली होती. मधल्या काळात काही विधानसभांची रचना बदलली होती हे लक्षात घेतले, तरी या दोन आकड्यांतील अंतरावरून पक्षातील फुटीचा अंदाज येतो. देशमुखांना जनसंघ व स्वतंत्र पक्षाचा पाठिंबा होता. बाद झालेल्या उमेदवारांच्या मतांचे संक्रमण होताना रेड्डींना ९१,८७९ व गिरींना केवळ १८,५६२ मतांची भर पडली. परंतु ती रेड्डींना पुरली नाही. अखेर गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ मतांनी विजयी झाले. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा त्याग करणारे देशमुख हे महाराष्ट्राचे सुपुत्र होते, पण या लढतीत प्रांतीय अभिमान निर्णायक ठरला नाही. रेड्डींविरुद्ध संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात वाटण्यात आलेल्या एका निनावी पत्रकावरून निवडणुकीस सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. राष्ट्रपती गिरींनी स्वतः उपस्थित राहून साक्ष दिली. १९७० मध्ये अर्ज फेटाळला गेला. नोव्हेंबर १९६९ मध्ये काँग्रेस दुभंगली. संसदीय मंडळात रेड्डींना मत देणारे यशवंतराव फुटीनंतर इंदिरा गांधींबरोबर राहिले, तर स. का. पाटील दुसऱ्या गटात गेले.

राष्ट्रपतिपदासाठी होणारे मतदान सभागृहाच्या कामकाजाचा भाग मानले जात नाही. त्यामुळे पक्षांतरबंदी कायदा (१९८५) झाल्यानंतरही येथे पक्षादेश बंधनकारक नाही. २००७ मध्ये भारतीय जनता पक्षाचा जुना मित्र असलेल्या शिवसेनेने भैरोसिंह शेखावत यांच्याऐवजी प्रतिभा पाटील यांना उघड पाठिंबा दिला. महाराष्ट्राची कन्या राष्ट्रपती व्हावी, हे कारण त्यासाठी देण्यात आले. देशमुखांना १९६९ मध्ये न लाभलेले प्रादेशिक बळ अशा रीतीने दुसऱ्या उमेदवाराच्या वाट्याला आले. मात्र ही गुप्त बंडखोरी नव्हती, तर सबंध पक्षाचा जाहीर निर्णय होता.

१९६९ मध्ये बीड लोकसभा मतदारसंघाचे प्रतिनिधी क्रांतिसिंह नाना पाटील होते. साताऱ्याच्या प्रतिसरकारचा हा नेता काँग्रेसमधून शेतकरी कामगार पक्षात व तेथून कम्युनिस्ट पक्षात गेला आणि १९६७ मध्ये, मूळचा त्या जिल्ह्याचा नसतानाही, बीडमधून निवडून आला. त्यांच्या पक्षाने गिरींनाच पाठिंबा दिला होता. म्हणजे दिल्लीतील काँग्रेसजनांना १९६९ मध्ये जी फारकत घेताना इतके झगडावे लागले, ती नाना पाटलांनी दोन दशकांपूर्वीच उघडपणे घेतली होती. बीडच्या मतदारालाही अशी फारकत अपरिचित नव्हती. हैदराबाद संस्थानाच्या जमीनदारीविरोधी चळवळींची पार्श्वभूमी असलेल्या या भागाने १९५२ मध्ये पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटला कौल दिला. १९५७ व १९६२ मध्ये काँग्रेसला आणि त्यानंतर कम्युनिस्टांना.

तथापि निष्ठेने काँग्रेसलाच मत देत आलेल्या ग्रामीण मतदाराला १९६९ च्या फुटीचा अर्थ प्रत्यक्ष कळला तो १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत. ज्या बैलजोडीवर शिक्का मारण्याची त्याला सवय होती ती मतपत्रिकेवर नव्हती; फुटीच्या वादामुळे ते चिन्ह कोणत्याही गटाला वापरता आले नाही. इंदिरा गांधींच्या पक्षाचे चिन्ह गाय-वासरू होते. अक्षरओळख नसलेल्यांना पक्ष म्हणजेच चिन्ह, अशी स्थिती असल्याने हा बदल किरकोळ नव्हता. महाराष्ट्रात त्या पक्षाने ४५ पैकी ४२ जागा जिंकल्या आणि बीडमधूनही त्याचेच सयाजीराव पंडित निवडून आले. पुढच्याच निवडणुकीत, १९७७ मध्ये, बीडने मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे यांना लोकसभेत पाठविले. त्याच वर्षी नीलम संजीव रेड्डी बिनविरोध राष्ट्रपती झाले.